दोन साड्यांचा एक डाव



मागच्या महिन्यात कळण्याच्या भाकरीवर लिहिलं, तेव्हा मोठ्यांचे भरपूर फोन आले. पण आपल्या कॉलेजातल्या पोरापोरींनी तक्रार केली, "काका, तुम्ही नेहमी खाण्यावर आणि गावावरच लिहिता. आमच्यासाठी काहीतरी लिहा ना." म्हणून आजचा विषय तुमचा. व्हिडिओ गेम, आणि त्यातही गेमची जॉयस्टिक.

निमित्त घरचंच आहे. माझी मुलगी अकरावीत आहे. अभ्यास झाला की लॅपटॉपवर टेकन खेळते. गेल्या महिन्यात जेवताना तिने विचारलं, "पप्पा, तुम्ही लहानपणी पार्लरमध्ये खेळायचात ना? मग सांगा, बॉलटॉप घेऊ की बॅटटॉप?"

मला यातलं काहीच कळलं नाही. आम्ही त्याला 'हँडल' म्हणायचो. "याचं हँडल चांगलं, त्याचं हँडल बाद", एवढंच आमचं ज्ञान. मग तिने मोबाईलवर फोटो दाखवले, आणि पहिल्याच फोटोला मी पंचवीस-सव्वीस वर्षं मागे गेलो.

तेव्हा आम्ही भेस्तानलाच राहायचो, एका खोलीत. अण्णा पांडेसऱ्याला लूमवर बारा तासांच्या पाळीत. माय घरीच साड्यांचे धागे कापायची. सुरतेतल्या आपल्या बहुतेक घरांना हे काम ठाऊक आहे. भरतकामाच्या साडीला मागच्या बाजूने लोंबते धागे राहतात, ते छोट्या कातरीने एकेक करून कापायचे. साड्यांचा गठ्ठा घरी येतो, कापून परत जातो, आणि नगावर पैसे मिळतात. तेव्हा मायला एका साडीचे पन्नास पैसे मिळायचे.

स्टेशनच्या रस्त्यावर एका गाळ्यात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. प्लायवूडची चार उभी खोकी, आत टीव्हीची पिक्चर ट्यूब, दाराला मळका पडदा आणि एक पंखा, जो फक्त मालकाकडे तोंड करून फिरायचा. एक रुपयाला एक कॉइन. आत गेलं की कोण कुठला हे कोणी विचारत नसे. ओडिशातल्या गंजामचा मुलगा, यूपीचा, बिहारचा, गुजराती आणि आम्ही खानदेशी, सगळे एका खोक्यासमोर खांद्याला खांदा लावून उभे. प्रत्येकाची हिंदी वेगळी, पण 'हँडल' आणि 'मुस्तफा' हे दोन शब्द सगळ्यांचे सारखे.

मुस्तफा म्हणजे कोण, हे तुमच्या आईबाबांना विचारा. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो 1993 मध्ये काढला, एका अमेरिकन कॉमिकवरून. त्यात चार खेळाडू होते, पण आपल्याकडे पिवळ्या टोपीचा मुस्तफा इतका आवडला की अख्ख्या गेमलाच त्याचं नाव पडलं. गल्लीगल्लीत पोरं 'मुस्तफा खेळायला' जायची. कॅडिलॅक ही गाडी असते, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

आता हँडलकडे येतो. दांडा कसाही असो, आत चार छोटे स्विच असतात: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. दांडा ढकलला की त्या बाजूचा स्विच दाबला जातो. तिरकं ढकललं की शेजारचे दोन एकदम दाबले जातात. दांडा सोडला की स्प्रिंग त्याला परत मध्ये आणते. सगळ्या जॉयस्टिकचं मूळ एवढंच. फरक आहे तो मुठीत, स्प्रिंगमध्ये आणि गेटमध्ये. गेट म्हणजे खालची भोकाची पट्टी, दांडा कुठवर जाईल ते ठरवणारी.

बॉलटॉप ही जपानी पद्धत. दांड्यावर लिंबाएवढा गोळा, स्प्रिंग हलकी, आणि गेट बहुतेक वेळा चौकोनी. दांडा कोपऱ्यात अडला की समजायचं, तिरकं लागलं. बरेच जण तो खालून धरतात, दांडा दोन बोटांच्या मध्ये आणि गोळा तळहातात. काम मनगटाचं, ताकद लागत नाही.

बॅटटॉप ही अमेरिकन पद्धत. वर लांबट मूठ, स्प्रिंग कडक. हाताने गच्च धरायची आणि ढकलायची. दिवसभर शंभर पोरांनी ओढली तरी टिकली पाहिजे, असा तिचा थाट.

तिसरी कोरियन पद्धत. मूठ लांबट, पण आत स्प्रिंगऐवजी रबराची जाड चकती असते. त्यामुळे सोडल्याबरोबर दांडा चटकन मध्ये येतो. गेटला कोपरे नाहीत, हात गोल फिरतो. टेकनमध्ये मागे, परत मध्ये, पुन्हा मागे अशा झपझप उड्या माराव्या लागतात. त्यासाठी हे रबर फार सोयीचं, असं खेळणारे सांगतात.

मग यातली चांगली कोणती? ते गेमवर आहे. पॅकमॅन 1980 चा, त्याला चारच दिशा लागतात. आठ दिशांच्या दांड्यावर तो खेळलात तर वळणावर हात तिरका जातो आणि भूत येऊन गिळतं. स्ट्रीट फायटर 2 आला 1991 मध्ये. त्यातला आगीचा गोळा सोडायचा तर खाली, तिरकं, पुढे असा पाव गोल काढून ठोसा मारायचा. मधलं तिरकं हुकलं की नुसताच ठोसा. तिथे चौकोनी गेटचा कोपरा मदत करतो. पण त्यातल्याच झांगीफ पैलवानाचा डाव मारायचा तर अख्खा गोल फिरवावा लागतो, तिथे तेच कोपरे अडवतात.

आमच्या पार्लरमध्ये निवडायला वाव नव्हता. एका मशीनचा गोळा कधीच हरवला होता, उरलेल्या लोखंडी दांड्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला. शेजारच्या मशीनला बॅटटॉप, पण स्प्रिंग दमलेली. मुस्तफाला पळवायचं असेल तर पुढे-पुढे असं दोनदा झटकन ढकलावं लागतं, आणि पळता पळताच त्याची ती प्रसिद्ध लाथ बसते. पहिल्यांदा ढकललं की दांडा मध्ये परत यायला हवा, तरच दुसरं धरलं जातं. दमलेल्या स्प्रिंगवर मुस्तफा पळायचाच नाही. म्हणून सगळी पोरं ट्यूबवाल्या हँडलसाठी रांग लावायची. आज मुलगी मला 'रिटर्न स्पीड' समजावते तेव्हा मी मान डोलावतो. शब्द नवीन असला तरी ती गोष्ट हाताला ठाऊक होती.

पण रांगेत उभं राहायला रुपया लागतो, आणि तो माझ्याकडे नसायचा.

मायच्या साड्यांचे पैसे एका डब्यात असायचे, देव्हाऱ्याच्या मागे. आधी एक नाणं घेतलं. आठवडाभर कोणी काही बोललं नाही. मग दुसरं. पुढे पुढे शाळेतून येताना डबा हीच पहिली आठवण व्हायची. मला वाटायचं, मायला मोजता येत नाही. ती शाळेत गेलेली नव्हती ना! पण जी बाई धागे कापून नगावर पैसे घेते, तिला हिशोब येत नसेल, असं समजणारा मीच अडाणी होतो.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी तिने डबा माझ्यासमोर ठेवला. "तेवीस रुप्या," एवढंच म्हणाली. मी खाली बघत राहिलो. मार बसेल, अण्णांना सांगेल, असं वाटत होतं. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. साड्यांचा गठ्ठा पुढे ओढला, कातर माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बस आठे."

तेवीस रुपये म्हणजे शेहेचाळीस साड्या. पहिल्या दिवशी माझ्या दोन झाल्या. धागा कापताना कापडाला कातर लागली तर साडीचे पैसे आपल्याकडून कापले जातात, म्हणून डोळे फाडून बसावं लागायचं. तिसऱ्या दिवशी अंगठ्याला फोड आला. बाहेर पोरं फटाके उडवत होती. माय माझ्यासमोर बसून तेच काम माझ्या चौपट वेगाने करत होती आणि तोंडाने गावाकडच्या गोष्टी सांगत होती. शिक्षा दिल्यासारखं तिच्या बोलण्यात काही नव्हतं. तेच मला जास्त लागलं.

शेहेचाळिसावी साडी झाली त्या संध्याकाळी तिने डब्यातून एक रुपया काढला. "चल, दाखव मला. हाई काय शे ते बघू दे."

मंडळी, त्या पार्लरमध्ये बाई आलेली आम्ही कधी पाहिली नव्हती. माय डोक्यावर पदर घेऊन पडद्याशी उभी राहिली. पोरं गप्प झाली, मालकाने पंखा तिच्याकडे फिरवला. रांग असूनही पोरांनी मला ट्यूबवालं हँडल दिलं. मी रुपया टाकला. हात थरथरत होते, अंगठा दुखत होता. पहिल्याच टप्प्यात मुस्तफा आडवा.

माय जवळ आली. दांडा एकदा हलवून पाहिला, आतला टक-टक आवाज ऐकला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दोन साड्या गयात."

सगळी पोरं हसली. मीही हसलो, पण डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतर डब्याला मी हात लावला नाही. खेळणं मात्र सुटलं नाही. सुट्टीत साड्या कापायच्या आणि माय देईल तो रुपया घेऊन जायचं, असा आमचा करार झाला. पुढे पार्लरच्या जागी सायबर कॅफे आला, आता तिथे मोबाईलचं दुकान आहे.

मुलीला हे सगळं मी कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं. माय आता आमच्याजवळच असते. ती पलंगावर बसून ऐकत होती. मुलीने तयार जॉयस्टिकची किंमत सांगितली, साडेसहा हजार. माय लगेच म्हणाली, "कितला साड्या?" मुलीने मोबाईल काढायच्या आत तिनेच उत्तर दिलं, "तेरा हजार."

खोलीत जरा वेळ कोणी बोललं नाही.

मग मुलीनेच मार्ग काढला. सुटे भाग मागवायचे आणि खोकं आपण बनवायचं. अर्धे पैसे तिचे, शेजारच्या मुलांची शिकवणी घेऊन मिळालेले. तुमच्यापैकी कोणाला करायचं असेल तर सांगतो, अवघड नाही. एक दांडा, आठ बटणं आणि यूएसबीची छोटी पाटी, जिला एन्कोडर म्हणतात. प्रत्येक स्विचला दोन तारा असतात, एक सगळ्यांची सामायिक आणि एक त्याची स्वतःची. दांड्याला मिळून पाच. जपानी बटणांना 30 मिलिमीटरची भोकं लागतात, ती आमच्या सुताराने पाडून दिली. प्लायवूड जाड असेल तर दांडा वर कमी निघतो, म्हणून त्या जागी खालून थोडं कोरून घ्यावं लागतं. ही चूक आमची पहिल्यांदा झाली. सगळं मिळून दोन हजारांच्या आत बसलं.

दांडा कोणता घेतला? टेकनसाठी कोरियन बरा, असं मीही म्हणालो होतो. पण तिने बॉलटॉप निवडला. तिचा हात लहान आहे, कडक दांड्याने मनगट दुखतं. वर त्याचं चौकोनी गेट काढून अष्टकोनी बसवता येतं, पाच मिनिटांचं काम. मला वाटतं तिने बरोबर केलं. दुसऱ्याचा दांडा कितीही चांगला असला तरी खेळायचं आपल्याच हाताने असतं. 2019 मध्ये जपान आणि अमेरिका, दोन्हीकडच्या इव्हो स्पर्धांत टेकन जिंकणारा अर्सलान अ‍ॅश लाहोरचा. हांगझोऊच्या आशियाई खेळांत 2023 मध्ये स्ट्रीट फायटरचं सुवर्ण मिळवणारा कोरियाचा किम ग्वान-वू तेव्हा 44 वर्षांचा होता. म्हणजे माझ्या वयाच्यांनीही अजून आशा सोडायला नको!

खोकं तयार झालं त्या रविवारी मुलीने लॅपटॉपवर मला एक डाव दिला. अर्थात मी हरलो. मग तिने आजीला बसवलं. मायने गोळा मुठीत धरला, दोनदा इकडे तिकडे हलवला, आतली टक-टक ऐकली.

"आवाज तोच शे," ती म्हणाली. मग नातीकडे बघून विचारलं, "आता याला रुपया कुठे टाकायचा?"

तुमच्या घरातही अशी पार्लरची आठवण असेलच. आईबाबांना विचारा, आजी-आजोबांना विचारा, आणि मला लिहून कळवा. चोरलेल्या रुपयाची असली तरी चालेल. भेटू पुढच्या महिन्यात.