देवीला टाइल्स नकोत, रान हवंय!

चाकणच्या कंपन्या दर पावसाळ्यात रोपं लावून फोटो टाकतात. त्याच खेड तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगरात महादेव कोळ्यांनी देवाधर्माच्या नावाने देवराया पिढ्यान्‌पिढ्या राखल्या. देवीच्या रानातली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, एवढा धाक!

आता देणगीदार जीर्णोद्धाराला निघालेत. सिमेंटचा सभामंडप, टाइल्स, गाड्यांना रस्ता. आणि आड येतात म्हणून जुन्या झाडांवर कुऱ्हाड. अहो, तिथे रान हेच देऊळ आहे. ते तोडून देवीला छप्पर कसलं देताय?

2006 च्या वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मागता येतो. द्यायचंच असेल तर त्या दाव्याच्या कागदपत्रांना, नकाशांना हातभार लावा. फरशीवर नाव कोरलं नाही तरी देवी ओळखेल.