माजघरांतील नाद आणि अण्णांचा कान

गेल्या माघांत आमच्या अण्णांचें सहस्रचंद्रदर्शन झालें. अण्णा म्हणजे माझे थोरले बंधु. त्या निमित्तानें त्यांच्या चिरंजीवानें पुण्याहून जी भेट पाठविली, ती एवढ्या मोठ्या खोक्यांतून आली कीं, घरांतील मुलांना तो रिकामा खोकाच पुढें आठ दिवस खेळावयास पुरला. आंत पांच ध्वनिपेट्या, मंद्र स्वरांसाठीं एक निराळी जड पेटी, जिला बाजारांत सबवूफर म्हणतात ती, आणि या सर्वांस नाद वांटून देणारें मुख्य यंत्र, असा सरंजाम होता. शहरांतून यास होम थिएटर हें नांव आहे. अण्णांस तरुणपणापासून नाट्यसंगीताचें वेड. प्रभातचे जुने बोलपट त्यांना प्रवेशवार पाठ. मुलानें वडिलांची आवड ओळखूनच ही भेट निवडली होती, यांत शंका नाहीं.

परंतु झालें असें कीं, पहिल्या चार दिवसांनंतर अण्णा माजघरांत बसेनातसे झाले. दिवेलागण होऊन सर्व मंडळी पडद्यासमोर जमली कीं, "तुमचें चालूं द्या" असें म्हणून ते पडवींत जात व काळोखांत एकटे बसून राहत. मुलगा दूरध्वनीवरून विचारी, "काका, बाबा ऐकतात ना?" मी "हो, हो" म्हणून वेळ मारून नेईं. आवाज कमी पडत असेल म्हणून मीं तो वाढविला. स्वयंपाकघराच्या फळीवरचीं पातेलीं थरथरूं लागलीं, शेजारचें कुत्रें भुंकूं लागलें, तरीहि अण्णांचें म्हणणें एकच: "आवाज येतो रे, शब्द येत नाहींत." एके दिवशीं माझ्या तोंडून गेलें, "अण्णा, याहून मोठ्यानें लावलें तर घाटावर ऐकूं जाईल!" ते कांहींच बोलले नाहींत, उपरणें झटकून उठले आणि पडवींत गेले. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते. चूक त्यांच्या कानाची होती त्याहून अधिक आमच्या मांडणीची होती, आणि आयुष्यभर मुलांस वर्णोच्चार शिकविलेल्या माणसास ती आधींच उमगावयास हवी होती.

वर्णांचे स्वर आणि व्यंजन असे दोन भेद आपण लहानपणींच शिकतों. नादशास्त्राच्या दृष्टीनें पाहतां स्वरांचें बळ मुख्यतः सेकंदास हजार कंपनांच्या आसपास व त्याखालीं असतें. उलट सकारासारख्या वर्णाची सळसळ चार हजारांच्याहि वर जाते, आणि ती मुळांतच क्षीण असते. वार्धक्यांत कान प्रथम गमावतो ते हेच वरचे नाद. त्यामुळें वृद्ध माणसास जो आवाज ऐकूं येतो तो स्वरांचा. 'काल', 'ताल', 'साल' यांपैकीं कोणता शब्द उच्चारला गेला हें सांगणारें जें व्यंजन, तेंच नेमकें गळतें. व्यंजन या शब्दाचा धात्वर्थच मुळीं 'व्यक्त करणारें' असा आहे. यंत्राचा आवाज सरसकट वाढविला कीं स्वर आणखी माजतात आणि दुबळें व्यंजन त्यांच्याखालीं अधिकच दडपलें जातें. आम्ही तीन महिने हेंच करीत होतों.

येथें एक विषयांतर करतों. आपल्याकडे मिरवणुकींतील भिंतीएवढ्या कर्ण्यांस सरसकट 'डॉल्बी' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ज्या रे डॉल्बीवरून हा शब्द आला, तो अमेरिकन अभियंता १९६३ ते १९६५ या काळांत युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतांतच होता. १९६५ सालीं त्यानें लंडनमध्यें आपली प्रयोगशाळा काढली, आणि तिची पहिली कीर्ति झाली ती ध्वनिमुद्रणांतील निरर्थक सळसळ काढून टाकण्याच्या युक्तीमुळें. गोंगाट कमी करणाऱ्याचें नांव गोंगाटास मिळावें, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा. असो.

दुसरा दोष खोलीचा. भरतानें नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत प्रेक्षागृहाचा तपशीलवार विचार केला आहे. मर्त्यांसाठीं ६४ हात लांब व ३२ हात रुंद एवढें गृह पुरे. त्याहून मोठें केलें तर उच्चारलेलें पाठ्य अस्पष्ट होतें, असें तो बजावतो. मंडप पर्वताच्या गुहेसारखा असावा, खिडक्या लहान असाव्यात, वारा खेळूं नये, म्हणजे नाद गंभीर राहतो, हेंहि त्याच ठिकाणीं आहे. आमचें माजघर अवघें सोळा फूट बाय बारा फूट, म्हणून विस्ताराची भीति नव्हती. पण जांभ्या चिऱ्याच्या भिंतींस आतां सिमेंटचा गुळगुळीत गिलावा झाला आहे, खालीं चकचकीत फरशी आली आहे, आणि पूर्वीं जीं धान्याचीं पोतीं, दांडीवरचीं लुगडीं व अंथरलेल्या सतरंज्या नाद पोटांत घेत, तीं सर्व माजघरांतून गेलीं. मधोमध उभें राहून एक टाळी वाजवावी. तिच्यामागोमाग झणझण असा शेंपटासारखा नाद उमटला, तर खोली बोलणाऱ्याच्या शब्दांत आपलेहि शब्द मिसळते असें समजावें. आमच्या खोलींत तो फारच स्पष्ट उमटे.

त्यांत दुकानाच्या माणसानें केलेली मांडणी. तो बिचारा पावसाआधीं परत जाण्याच्या घाईंत होता. पडदा त्यानें देवाच्या तसबिरीप्रमाणें उंच टांगला, मधली पेटी त्याच्याहि वर फडताळावर ठेविली, डावी पेटी भिंतींतल्या कोनाड्यांत सारली आणि उजवी खिडकीच्या कट्ट्यावर. कोनाड्यांतली पेटी घागरींत तोंड घालून बोलल्यासारखी बोले. मागच्या दोन पेट्या झोपाळ्याच्या पाठीशीं अगदीं कानाला लागून होत्या.

या पांचांत खरी महत्त्वाची ती मधली पेटी, हें मला उशिरां कळलें. चित्रपटांतील बहुतेक सर्व संभाषण तिच्यावाटे येतें. लंडनचा अभियंता ॲलन ब्लुमलीन यानें डिसेंबर १९३१ मध्यें दोन वाटांच्या ध्वनीच्या एकस्वासाठीं अर्ज केला, त्याच्या मुळाशीं एक घरगुती गोष्ट सांगतात: बोलपट पाहतांना नट पडद्याच्या एका टोकास आणि त्याचा आवाज दुसऱ्याच ठिकाणाहून, हें त्यास खटकलें होतें. पुढें २७ एप्रिल १९३३ रोजीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें फिलाडेल्फियांत चाललेलें वाद्यवृंदाचें वादन तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहांत ऐकविलें, तें तीन वाटांनीं: डावी, उजवी आणि मधली. दोनच पेट्या असल्या म्हणजे मध्यभागीं बसलेल्यास आवाज मधून आल्यासारखा वाटतो. पण जो एका बाजूस बसतो त्याच्या कानीं जवळच्या पेटीचा नाद आधीं पोंचतो व सगळें नाटक त्या बाजूस कलतें. एकत्र कुटुंबांत मध्यभागीं कितीजण बसणार? अण्णांची आरामखुर्ची तर पिढीजात पडवीच्या दाराशीं, उजव्या अंगास. खुर्ची हलविण्याची गोष्ट काढण्याची कोणाची छाती नव्हती. तेव्हां नादासच त्यांच्याकडे नेणें प्राप्त होतें.

पडदा खालीं उतरविला. मधली पेटी त्याच्या लगत खालीं एका चौरंगावर, अगदीं पुढच्या कडेशीं ठेविली आणि तिच्याखालीं लांकडाची पाचर सारून तिचें तोंड बसणाऱ्यांच्या कानांकडे किंचित् वर केलें. डाव्या-उजव्या पेट्यांस अडगळींतल्या दोन शिसवी तिवया मिळाल्या; त्या भिंतीपासून दीड हात पुढें आणून तोंडें आंत वळविलीं. तार जोडतांना तांबडें टोंक तांबड्यास व काळें काळ्यास हें कोणीहि सांगेल. पण आमच्या उजव्या पेटीचीं टोंकें उलट जोडलेलीं निघालीं. दोन्ही पेट्यांवाटे एकच बोलणें ऐकावें: तें मधोमध टांगल्यासारखें वाटलें तर जोडणी नीट, चहूंकडे विखुरलेलें व पोकळ वाटलें तर एकीचीं टोंकें फिरवावींत.

यानंतर भिंतींचा प्रश्न. शाळेंत शिकविलेला आपात आणि परावर्तनाच्या कोनांचा नियम येथें कामास आला. मी अण्णांच्या खुर्चींत बसलों आणि धाकट्या नातवानें बाजूच्या भिंतीवरून आरसा हळूहळू सरकवत नेला. ज्या ठिकाणीं आरशांत मला ध्वनिपेटी दिसली, त्याच ठिकाणाहून तिचा नाद आपटून माझ्याकडे येतो हें उघड होतें. तेथें कांहीं मऊ आणि जाड टांगावयास हवें होतें. मीं गोधडी सुचविली. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, पाहुणे येतील ते म्हणतील, यांच्या घरीं दांडी मोडली वाटतें!" दोन दिवस हा वाद पडून राहिला. तिसऱ्या दिवशीं त्यांनींच पेटाऱ्याच्या तळांतून आमच्या आईच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी काढली; तिचे टांके अजून पहिल्यासारखे होते. चौकटीवर ताणून भिंतीपासून चार बोटें पुढें लावली, आणि खालीं जाड सतरंजी आली. टाळीचें शेंपूट निम्म्याहून अधिक तुटलें. पाहुणे आतां ती गोधडी मुद्दाम पाहतात.

जड पेटीची जागा शोधण्याची रीत थोडी हास्यास्पद आहे. मंद्र नाद खोलीच्या मापाप्रमाणें कोठें सांचतो, कोठें नाहींसा होतो. आमच्या सोळा फुटांत सेकंदास पस्तीस कंपनांच्या सुमारास तो सांचतो. म्हणून ती पेटी ऐकणाऱ्याच्या जागीं ठेवावी, वाजती करावी, आणि आपण भिंतीच्या कडेनें रांगत जावें. जेथें नाद भरीव पण समतोल लागेल ती पेटीची कायमची जागा. सदुसष्टाव्या वर्षीं मी रांगत असतां शेजारचे गृहस्थ दारांत उभे राहून विचारते झाले, "मास्तर, काय हरवलें?" पूर्वीं ती पेटी कोपऱ्यांत तांदळाच्या कोठीमागें होती, म्हणून पातेलीं नाचत. 'सैराट' हा २०१६ चा चित्रपट मुलांचा आवडता. त्याच्या संगीतांतला पाश्चात्य वाद्यवृंद लॉस एंजेलिस येथें मुद्रित झालेला. नव्या जागेवरून त्यांतलीं तंतुवाद्यें प्रथम निरनिराळीं ऐकूं आलीं, हें मुलांनींच कबूल केलें.

मागच्या पेट्या बाजूच्या भिंतींवर, बसणाऱ्याच्या थोड्या मागें व कानाहून दोन फूट वर नेल्या. नाद सेकंदास सुमारें ११३० फूट जातो, म्हणून प्रत्येक पेटीचें अंतर शिंप्याच्या फितीनें मोजून यंत्रास सांगितलें. पेट्या लहान असल्यानें ऐंशी कंपनांखालचें ओझें त्यांच्याकडून काढून जड पेटीस दिलें. बरोबर आलेल्या छोट्या मायक्रोफोननें यंत्र स्वतःच मापें घेतें, पण दुकानाच्या माणसानें तें पंखा चालूं ठेवून उरकलें होतें. मीं तें पहांटे, घर निजलेलें असतां, पुन्हां केलें. मग मधली पेटी इतरांहून तीन डेसिबल वर ठेविली, आणि मोठा-लहान आवाज जवळ आणणारी जी रात्रीची सोय यंत्रांत असते ती चालूं केली. एकूण आवाज पूर्वीपेक्षां पुष्कळ खालीं आला. झोपाळ्याचा प्रश्न मात्र सुटला नाहीं. हलत्या आसनावर बसून स्थिर नाद ऐकण्याची विद्या माझ्यापाशीं नाहीं.

हें सर्व करण्याआधींच अण्णांचे कान कणकवलीस नेऊन तपासून घ्यावयास हवे होते. तें आम्ही शेवटीं केलें. दोन्ही कानांत वरच्या नादांची उणीव निघाली आणि एक लहानसें श्रवणयंत्र आलें. तें ते जेवतांना काढून ठेवतात, पडद्यासमोर मात्र लावतात.

पहिल्या रात्रीं १९३६ चा प्रभातचा 'संत तुकाराम' लावला. जुने बोलपट एकाच वाटेचे. त्यांस पांचहि पेट्यांतून फिरविण्याची कृत्रिम सोय बंद ठेवून ते मधल्या पेटीवाटेच ऐकावेत. विष्णुपंत पागनीस बोलूं लागले. अण्णा दाराशीं उभे होते, ते खुर्चींत बसले. अर्ध्या घटकेनें मीं पाहिलें तों त्यांचे ओंठ हलत होते. पुढचें वाक्य ते पडद्याच्या आधीं म्हणत होते. वहिनींनीं पदर डोळ्यांस लावला, आणि मी उगीच तारा तपासावयास उठलों.

आतां पावसाळ्याची व्यवस्था. आषाढांत आमच्या वैभववाडीस कौलांवर जो पाऊस कोसळतो त्यापुढें कोणत्याच यंत्राचें चालत नाहीं. तेव्हां तें बंद करून पावसासच ऐकावें. वळवाच्या व परतीच्या पावसांत वीज चमकूं लागली कीं सर्व तारा भिंतीच्या खोबणींतून ओढून काढाव्यात, नुसतें बटण बंद करून भागत नाहीं. यंत्रांतून घुमल्यासारखा नाद येऊं लागला तर भूमीची तार तोडण्याचा सल्ला कोणी देतील, तो सर्वथा मानूं नये. तीच तार घरच्यांचा जीव राखते.

परवां पुतण्याचा दूरध्वनि आला. मी नेहमींप्रमाणें "हो, हो" म्हणणार, तोंच अण्णांनीं तो माझ्या हातांतून घेतला. "सगळें ऐकूं येतें," ते म्हणाले. "पण तो बातम्या सांगणारा मुलगा 'पाणी'स 'पानी' म्हणतो. त्याला कोणी सांगत कसें नाहीं?"