आधी मासा दाखवा म्हणे!

परवा भिगवणजवळ उजनीच्या काठावर गेलो होतो. एका जाळ्यात पाच-सहा सकर मासे अडकलेले. अंगावर काटेरी कवच, सोडवताना जाळं फाटतंच. काका वैतागून म्हणाले, "हा कुणी खात नाही, कुणी घेत नाही. जाळं शिवत बसायचं तेवढं आमच्या नशिबी."

हा मासा दक्षिण अमेरिकेतला. घरच्या काचेच्या टाकीतलं शेवाळ खायला आणतात आणि मोठा झाला की पुण्य म्हणून नदीत सोडतात. चिलापी तर उजनीत इतका रुळलाय की नव्या पोरांना तो इथलाच वाटतो. दोन्ही वेळा आपल्याला कळलं कधी? जाळी भरायला लागल्यावर!

आता मुद्द्याचं. मासा पाण्यात असला की त्याचा चिकट स्राव, खवले, विष्ठा पाण्यात मिसळते. त्यात त्याचा डीएनए असतो. लिटर-दोन लिटर पाणी गाळायचं, गाळणी प्रयोगशाळेत पाठवायची, तिथे त्या जातीची खूण सापडते का ते बघायचं. मासा धरावा लागत नाही. फ्रान्समध्ये तळ्यांतला अमेरिकी बेडूक असा शोधल्याचा अभ्यास 2008 सालचा आहे. शिकागोच्या कालव्यांत 2009 पासून सिल्व्हर कार्पचा माग असाच काढतात. (हो, तोच आपला चंदेरा. तिकडे त्याची धास्ती, इकडे आपणच आणून सोडला.) आणि परदेशाचं कशाला, हैदराबादच्या सीसीएमबीने चिलिका सरोवराच्या पाण्यावर हेच तंत्र वापरलंय.

एका बैठकीत मी हे मांडलं, तर एक साहेब म्हणाले, "आधी मासा दाखवा, मग बघू." अहो साहेब, मासा दिसायच्या आधी कळावं म्हणूनच तर ही तपासणी! दिसल्यावर एवढ्या मोठ्या धरणातून तो उपसून काढणार कोण?

ही काही जादू नाही, हेही सांगतो. मासा जिवंत की मेलेला, किती आहेत, हे यातून नीट कळत नाही. मासळी बाजाराचं धुणं पाण्यात गेलं तर विक्रीला आलेल्या माशाचाही डीएनए सापडेल. म्हणून नमुना कुठून घ्यायचा हे मच्छीमारांना विचारूनच ठरवावं लागेल, आणि खूण सापडली की जाळं टाकून खात्री करावी लागेल.

मागणी साधी आहे. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा नमुने घ्या आणि निकाल मराठीत मासळी बाजारात लावा. नाव द्यायला काका तयार आहेत, डिझेलचं तेवढं बघा म्हणालेत.