परसातले पाहुणे आणि घरधनी

आमच्या परसात सकाळचा पहिला आवाज शिपाई बुलबुलाचा. डोक्यावर तुरा, गालावर तांबडा ठिपका, आणि पपई पिकली की सर्वांच्या आधी तिला भोक पाडायची घाई. क्रिओलीत आपण त्याला कोंदे म्हणतो. मागून साळुंकी, म्हणजे आपली मार्तें, जणू भाडे वसूल करायला आल्यासारखी अंगणभर चालते.

हे दोघेही आपल्यासारखेच बाहेरून आलेले. साळुंकी 18व्या शतकात टोळ खाण्यासाठी आणली गेली. बुलबुल आला 1892 साली, रत्नागिरी-साताऱ्याहून आपले पूर्वज जहाजाने येऊ लागल्यानंतर कित्येक वर्षांनी. म्हणून त्यांच्याविषयी जिव्हाळा वाटतो, आणि तो असावाही. पण या बेटाचा खरा घरधनी निराळाच आहे.

तो म्हणजे पिक-पिक. चिमणीहून लहान, राखाडी, कमरेवर पांढरा पट्टा. एकटा क्वचितच दिसतो. पाच-सहा जणांची टोळी सारखी बोलत या फांदीवरून त्या फांदीवर जाते, पानाखालच्या अळ्या आणि फुलांतला मध शोधते. महाराष्ट्रातल्या चष्मेवाल्याचा हा भाऊबंद, पण याच्या डोळ्याभोवती पांढरे कडे नाही. चष्मा जणू घरी विसरून आलेला! मॉरिशसखेरीज जगात तो कोठेही नाही.

गेल्या वर्षी मोटारीसाठी परसात सिमेंट घालायचे ठरले. गणपतीला फुले देणारी जास्वंद तोडायची होती. तिच्यात पिक-पिकचे वाटीएवढे घरटे निघाले. मुलगा थांबला, आम्हीही थांबलो. पिले उडाल्यावरही कोणाला कुऱ्हाड उचलवेना. मोटार आज रस्त्यावर उभी असते.

वाचकहो, डोडो तर 17व्या शतकातच गेला. 1974 साली इथल्या केस्ट्रेलचे रानात अवघे 4 पक्षी माहीत होते. माणसांनी कष्ट घेतले म्हणून ते वाचले. रानाचे काम जाणकारांचे, पण परस आपले आहे. बुलबुल बाहेरून आलेल्या झाडांच्या बिया रानात पसरवून तिथल्या मूळ झाडांची जागा घालवतो. त्याला दोष देऊन काय उपयोग? निदान रानपेरू कुंपणाशी वाढू न देणे आपल्या हाती आहे.

सारे परस सिमेंटने झाकू नका. एक जास्वंद, एखादे इथले मूळ झाड राहू द्या. पूर्वजांना या बेटाने जागा दिली. त्याच्या धन्याला एक फांदी देणे आपल्याला जड जाऊ नये.