पत्रक पाळणे आणि पत्रक वाचणे

घरी बिअर करणाऱ्या मंडळींत एक अघोषित उतरंड असते. धान्य भरडून, ते गरम पाण्यात मुरवून अगदी पहिल्यापासून बिअर करणारे वरच्या पायरीवर. डब्यातला तयार अर्क वापरणारे खालच्या. किटमधून केलेल्या बिअरला 'स्वतः केलेली' म्हणावे का, असा वरच्यांचा आक्षेप असतो. गाइड वाचून परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याकडे साहित्याचे शिक्षक ज्या नजरेने पाहतात, तीच ही नजर. माझ्या मते हा आक्षेप चुकीच्या जागी बोट ठेवतो. दोष तयार सामग्रीत नसतो. असलाच तर ती सामग्री वापरणाऱ्याच्या वाचनात असतो.

किट म्हणजे काय, हे आधी पाहू. मोड आणून वाळवलेल्या धान्याला माल्ट म्हणतात. ते भरडून गरम पाण्यात ठेवले की त्यातल्या पिष्टाची साखर होते, आणि ते गोड पाणी आटवले की काकवीसारखा दाट अर्क मिळतो. गव्हाच्या बिअरच्या किटमध्ये गहू आणि जव यांच्या माल्टचा असा अर्क असतो. हॉप्सचा कडवटपणा त्यात बहुधा आधीच उतरवलेला असतो. सोबत यीस्टची पुडी आणि एक छापील पत्रक. अर्क पाण्यात विरघळवून साधारण २३ लिटर मिश्रण करायचे, यीस्ट टाकायचे आणि थांबायचे. मी राहतो त्या इंग्लंडमध्ये घरच्यापुरती बिअर करायलाही १९६३ पर्यंत परवाना लागे. आता लागत नाही. (महाराष्ट्रात मात्र परवान्याविना बिअर करणे आजही गुन्हा आहे, हे नोंदवलेले बरे.)

शुद्धतेचे आग्रही अनेकदा बव्हेरियाच्या १५१६ च्या फर्मानाचा दाखला देतात. जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज बिअरमध्ये काहीही वापरू नये, असे ते फर्मान सांगते. म्हणजे त्याच्या शब्दशः अर्थाने गव्हाची बिअरच अशुद्ध ठरते! तरीही बव्हेरियात ती होत राहिली, ती अपवाद म्हणून. डेगेनबर्ग घराण्याला ती करण्याचा विशेष अधिकार होता. १६०२ मध्ये ते घराणे निर्वंश झाल्यावर तो अधिकार ड्यूक माक्सिमिलियनकडे आला आणि गव्हाची बिअर हे राज्यकर्त्यांच्या उत्पन्नाचे साधन बनले. पुढे १८७२ मध्ये गेओर्ग श्नायडर यांनी ती करण्याचा हक्क मिळवला. आज जिला 'अस्सल बव्हेरियन' म्हणतात ती बिअर नियमाच्या नव्हे, अपवादाच्या आधाराने जगली आहे. परंपरेचा दाखला देणाऱ्याने निदान मूळ संहिता वाचलेली असावी.

त्या फर्मानात यीस्टचाही उल्लेख नाही. किण्वनामागे सूक्ष्म सजीव असतात, ही समज एकोणिसाव्या शतकातली. लुई पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ १८७६ चा. गव्हाच्या बिअरला येणारा केळ्याचा आणि लवंगेचा वास घडवते ते यीस्टच. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा. लवंगेचा वास देणारे द्रव्य धान्यातल्या फेरुलिक आम्लापासून तयार होते, पण ते काम यीस्टच्या काही विशिष्ट जातीच करू शकतात. तेव्हा धान्य भरडणारा असो की डबा उघडणारा, चवीचा कर्ता दोघांपैकी कुणीच नाही. भांडी स्वच्छ ठेवणे, तापमान सांभाळणे आणि वाट पाहणे हे काम दोघांनाही सारखेच. आपल्या घरांत 'दही लावले' असे म्हणतात, आणि विरजण शेजारून आणले म्हणून ते दही परके होत नाही.

मग गाइडची उपमा सर्वस्वी खोटी का? तसेही नाही. माझ्या पहिल्या खेपेच्या पत्रकात सातव्या दिवशी बाटल्या भराव्यात, असे छापले होते. हिवाळा होता, स्वयंपाकघर गार होते. सातव्या दिवशी बुडबुडे मंदावलेले दिसले, आणि मी सांगितल्याप्रमाणे साखर घालून बाटल्या भरल्या. तीन आठवड्यांनी एका रात्री कपाटात दोन बाटल्या फुटल्या. काचेचे तुकडे दाराच्या लाकडात रुतले होते. सकाळी त्याच कपाटातून माझी मुलगी शाळेचे बूट काढत असे.

किण्वन संपलेले नव्हते; थंडीने ते केवळ रेंगाळले होते. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर घरात होता, पण पेटीतून बाहेर निघाला नव्हता. सुरुवातीला १.०४५ च्या आसपास असणारा आकडा १.०१० च्या जवळ येऊन दोन-तीन दिवस स्थिर राहिला, तरच बाटल्या भरायच्या. पत्रक खोटे नव्हते. ते उबदार खोली गृहीत धरून लिहिले होते, आणि ते गृहीतक मी वाचले नव्हते.

उरलेल्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून मोरीत उघडल्या. त्या बिअरला ना केळ्याचा वास होता, ना लवंगेचा. पुडीतले यीस्ट साधे होते. पुढच्या खेपेस डबा तोच आणला, यीस्ट मात्र गव्हाच्या बिअरचे घेतले आणि दिवसांऐवजी आकडे मोजले. पेला नाकाशी नेताच लवंग जाणवली.

वर्गात आपण 'मूळ पुस्तक वाचा, गाइड नको' असे सांगतो आणि आपले काम झाले असे मानतो. पण मूळ पुस्तकही आज्ञाधारकपणे वाचता येते. प्रस्तावनेतले मत उत्तरपत्रिकेत उतरवणारे विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिले आहेत. उलट गाइडमधल्या विधानापाशी थांबून 'हे कशावरून?' असे विचारणारा विद्यार्थी वाचनाला लागलेला असतो. त्याच्या हातातले पुस्तक कोणते, हा त्यानंतरचा प्रश्न.