वाकस नाकारला, आता यंत्र हाती घ्या!

गावगाड्यात सुताराचा वाकस सुताराच्या घरी, लोहाराचा भाता लोहाराच्या घरी आणि मेलेले ढोर ओढण्याचा दोर मात्र आमच्या घरी, ही वाटणी कोणी केली? जन्माला बांधलेली वतनाची ही गुलामी मोडण्यासाठी परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्षात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. कायद्याने हातातला दोर सुटला, पण वाकस काही हाती आला नाही.

हा जुना इतिहास आहे असे कोणी म्हणेल. आमच्या वस्तीतील आयटीआय झालेला एक मुलगा काही वर्षांपूर्वी फर्निचरच्या एका कारखान्यात काम शिकायला गेला. आडनाव कळले आणि वर्षभर फळ्या उचलणे व भुसा झाडणे एवढेच त्याच्या वाट्याला आले. रंधा, पटाशी दुसऱ्यांच्या हाती. त्याच मुलाने आज हप्त्याने एक छोटे सीएनसी राऊटर घेतले आहे. त्याने केलेली पहिली पाटी आम्ही पाहिली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही पेशाने वकील. लाकडाशी आमचा संबंध कोर्टातल्या बाकापुरता. तरीही चार रविवार त्या यंत्राजवळ बसून जे समजले ते समाजातील तरुणांसमोर ठेवणे आम्हाला कर्तव्य वाटते.

सीएनसी म्हणजे संगणकाने दिलेल्या आकड्यांवर चालणारे यंत्र. असे पहिले आकड्यांवर चालणारे यंत्र अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५२ साली दाखवले गेले. तेव्हा ते खोलीभर पसरलेले आणि कारखानदारांपुरते होते. आज ३०१८ या नावाने मिळणारे यंत्र स्टुलावर मावते. ३०० बाय १८० मिलिमीटर एवढ्या जागेत ते कोरते. किंमत साधारण पंधरा-वीस हजारांपासून सुरू होते. इतके उजवीकडे, इतके पुढे, इतके खाली, अशा जी-कोड नावाच्या भाषेतील आज्ञा ते पाळते. नक्षी काढण्यासाठी इंकस्केपसारखे सॉफ्टवेअर फुकट मिळते. यंत्र आडनाव विचारत नाही. पण माप चुकले तर माफही करत नाही!

नवशिक्याने सुरुवात नावाच्या पाटीने करावी. १२ मिलिमीटरची प्लायवूडची फळी शिकंज्याने घट्ट बांधावी, खाली एक टाकाऊ फळी ठेवावी, म्हणजे टेबल कापले जात नाही. टोकदार व्ही आकाराच्या पात्याने अक्षरे कोरावीत. छोट्या यंत्राला एका फेरीत अर्धा ते एक मिलिमीटरच खोल जाऊ द्यावे. घाई केली की पाते मोडते.

येथे आपल्या लिपीचा एक गुण ध्यानात येतो. अक्षरे आरपार कापून काढली तर इंग्रजी शब्दाची अक्षरे सुटी होऊन पडतात. मराठी शब्द शिरोरेषेमुळे बहुधा एकसंध राहतो. ‘समता’ हा शब्द अखंड निघतो. ‘संविधान’ मात्र कापायला घेतला तर वरचा अनुस्वार सुटून पडतो, त्याला बारीक दांडीने शिरोरेषेशी जोडून घ्यावे लागते. ही युक्ती त्या मुलाला कोणी शिकवली नाही. तीन अनुस्वार भुशात हरवल्यावर त्याची त्यालाच सुचली.

दुसरे काम ग्रंथ ठेवायच्या घोडीचे. दोन फळ्यांना खाचा पाडून त्या एकमेकींत अडकवायच्या. बाजारात १२ मिलिमीटर म्हणून मिळणारे प्लायवूड नेमके १२ असेलच असे नाही. सबब आधी व्हर्नियरने मोजावे आणि खाच किंचित सैल ठेवावी. आणखी एक गंमत अशी की फिरणारे पाते गोल असल्याने आतला कोपरा काटकोनात निघत नाही, गोलच राहतो. तो साधायला अखेर पटाशीच घ्यावी लागते. म्हणजे ज्या पटाशीला हात लावू दिला नव्हता, ती या यंत्राच्या मागून का होईना, हाती आलीच! तिसरे काम आठ आऱ्यांच्या धम्मचक्राचे. ते जमले की हात बसला म्हणायचे.

दोन इशारे द्यायलाच हवेत. पहिला तब्येतीचा. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगाला कारण ठरतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण सांगते. एमडीएफच्या फळीत फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो. दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे चूल आणि पाळणा शेजारी शेजारी आहेत, तिथे हे यंत्र लावू नये. मास्क, चष्मा आणि भुसा ओढणारा व्हॅक्यूम यांवाचून बटण दाबू नये.

दुसरा इशारा वकील म्हणून. संविधानाची उद्देशिका कोरून विकायला हरकत नाही, पण वर सिंहाची राजमुद्रा कोराल तर २००५ चा राजचिन्हाविषयीचा कायदा आडवा येतो. राष्ट्रध्वजावरील अशोकचक्र धंद्यासाठी परवानगीशिवाय वापरायला १९५० च्या कायद्याची बंदी आहे. आपल्या पोरांवर गुन्हा दाखल व्हायला निमित्त लागत नाही, ते आपण होऊन देऊ नये.

आता मूळ मुद्दा. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. हत्यारांसाठी १५ हजार रुपये, ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचे कर्ज. पैसा वाईट नाही. पण योजनेची भाषा पाहा, ती कुटुंबाच्या परंपरागत व्यवसायांची आहे! ज्याच्या बापाला सुतारकाम करू दिले नाही, त्याच्या मुलाने परंपरा कोठून आणावी? कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क देणारा अनुच्छेद १९(१)(छ) संविधानात असताना सरकारी योजना बापजाद्यांचा धंदा का विचारते? तामिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये हाच आक्षेप घेऊन योजना आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला. आपल्या राज्यातील आपले म्हणवणारे आमदार-खासदार यावर गप्प का, हे त्यांनी सांगावे.

यंत्र आले की हातांचे काम जाते, असे काही मंडळी सांगतात. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवरील आपल्या ग्रंथात या यंत्रविरोधाला उत्तर दिले आहे. माणसाला पशूवत कष्टातून सवड मिळाल्याशिवाय त्याचे जीवन सुसंस्कृत होत नाही आणि ती सवड यंत्र देते, असा त्यांचा आशय. दोष यंत्राचा नसतो, ते कोणाच्या मालकीचे आहे याचा असतो. १९४२ साली व्हाईसरॉयला दिलेल्या निवेदनातही त्यांनी आपल्या मुलांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाची मागणी केली. कला व कायद्याच्या शिक्षणाने फारसे साधणार नाही, असे त्यांनी तेव्हाच सांगितले. आम्ही काळा कोट घातला, आता ही कबुली देणे भाग आहे.

याचा अर्थ नोकरीतील हक्काच्या जागा सोडा असा नाही. खाजगीकरणाने त्या आटवल्या जात आहेत, ती लढाई चालूच राहील. तसेच एका यंत्राने कोणी श्रीमंत होत नाही. पाते, वीज, वाया गेलेली फळी आणि आपला वेळ हिशेबात धरूनच पाटीची किंमत ठरवावी लागते. पण कसब एकदा अंगी आले की ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक. पाबळसारख्या खेड्यात हे होते, तर आपल्या विहारात का नाही? एका जयंतीला डीजेवर एका रात्रीत किती रुपये उडतात, हे प्रत्येक मंडळाच्या खजिनदाराला ठाऊक आहे. तेवढ्यात यंत्र, संगणक आणि व्हॅक्यूम येतो. विहाराच्या मागची खोली भुशासाठी मोकळी करा. मुलांबरोबर मुलींनाही बसवा. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर आपण विकत घेतो त्या चौकटी आणि धम्मचक्रे कोणाच्या कारखान्यातून येतात, हे एकदा विचारून पाहा.

त्या मुलाने केलेली पहिली पाटी त्याच्या स्वतःच्या दारावर लागली आहे. तिच्यावर आडनावासकट पूर्ण नाव आहे. चांगले ठसठशीत, रस्त्यावरून वाचता येईल असे.

जयभीम!