शिवनेरीवरून उतरल्यावर

पुण्या-मुंबईहून येणाऱ्या सहलीच्या गाडीचा जुन्नरमधला दिवस ठरलेला असतो. सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्री, उन्हे कलताना ओझरचा विघ्नेश्वर आणि नारायणगावला महामार्ग गाठून परत. या सगळ्याच्या मधोमध जुन्नर नावाचे एक जुने, राहते शहर आहे, हे गाडीतल्या बहुतेकांच्या गावीही नसते.

राज्य सरकारने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. कौतुक झाले, फलक लागले. पण पर्यटक रात्री थांबत नसेल, तर त्याच्या खिशातले गावाला मिळते ते चहा-नाश्त्यापुरतेच. जुन्नरला खरी गरज आहे ती मुक्कामाच्या पाहुण्यांची.

थांबायला कारणे भरपूर आहेत. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून पैठणकडे जाणारा माल नाणेघाट चढून याच खोऱ्यात यायचा. घाटमाथ्यावरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे आणि वाटेवर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण. त्या व्यापाराची श्रीमंती गावाभोवतीच्या डोंगरांत कोरलेली दिसते. जुन्नर परिसरात दोनशेहून अधिक लेणी आहेत. देशातला सर्वांत मोठा लेणीसमूह म्हणून अभ्यासक त्याचे नाव घेतात. विशेष म्हणजे दान देणारे सगळे राजेरजवाडे नव्हते. कुठे धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दिले, कुठे बांबूकाम करणाऱ्यांनी आणि कासारांनी रक्कम ठेवली. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली आणि चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षूंच्या संघाला चक्क भोजनमंडप! किल्ल्याच्या पायऱ्या चढून शिवजन्मस्थळाला नमस्कार करणाऱ्यांपैकी फार थोडे लोक याच डोंगराच्या कड्यातली ही लेणी पाहतात. शहराच्या पश्चिमेला तुळजा लेण्यांत बारा खांबांचे वर्तुळाकार चैत्यगृह आहे. तिथे तर दिवसभरात पाच माणसे भेटली तरी गर्दी म्हणायची.

गावातही इतिहासाचे थर आहेत. अहमदनगरच्या निजामशाहीची सुरुवात १४९० मध्ये जुन्नरहूनच झाली. नगर शहर त्यानंतर वसले. शहराबाहेर हापूसबागेकडे सौदागर घुमट उभा आहे. त्यावरचे कोरीव काम पाहिले की तो दिल्ली-विजापूरच्या पंक्तीत का येत नाही, असा प्रश्न पडतो. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी रात्रीतून तटाला शिड्या लावून मोगलांचे जुन्नर लुटले आणि होनांबरोबर घोडेही नेले. १६७५ मध्ये जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून सह्याद्री चढून इथे आला. रायगडावर राज्याभिषेक तेव्हा होऊन गेला होता, पण महाराजांचे जन्मस्थान अजून मोगलांकडेच होते. शिवनेरी मराठ्यांकडे आला तो शाहू महाराजांच्या काळात. ही गोष्ट जयंतीच्या भाषणात सहसा येत नाही.

एवढे मोठे गाव मग लहान कसे राहिले? घाटवाटा मागे पडल्या, रेल्वे आली नाही आणि पुणे-नाशिक रस्ता पंधराएक किलोमीटर पूर्वेकडून गेला. बाजार नारायणगाव, आळेफाट्याकडे सरकला. २०११ च्या जनगणनेत जुन्नर शहराची लोकसंख्या पंचवीस हजारांच्या आसपास होती. आज या मागे राहण्याचाच फायदा आहे. गाव अजून पायी फिरता येते. भाजी आसपासच्या शेतातली मिळते. रात्रीच्या जेवणात मासवडी आणि झणझणीत रस्सा असेल, तर शहरातल्या ‘गावरान’ पाट्यांची आठवणही येत नाही.

निवांतपणाची किंमत विज्ञानाने मात्र वेळीच ओळखली. आर्वी इथे १९७१ मध्ये उपग्रह दळणवळणाचे विक्रम भूकेंद्र सुरू झाले. पुढे खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली, ती इथे रेडिओ लहरींचा गोंगाट कमी म्हणून. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्गही या दुर्बिणीला त्रास होईल म्हणून अडला. स्थानिकांना ते सलते आणि त्यांचे चुकीचे नाही. दुर्बिणीला शांतता हवी, तशी इथल्या पोरांना नोकरीही हवी.

म्हणून इथे ‘राहायला या’ म्हणताना हात राखूनच म्हणावे लागते. मोठ्या आजारपणाला पुणे गाठावे लागते, शिकलेली मुले चाकण-पिंपरीकडे वळतात. उसात बिबट्या आहे. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र पाहायला जाणे वेगळे आणि संध्याकाळी शेतात पाणी धरायला जाणे वेगळे. शेजारच्या आंबेगाव तालुक्याने तर विकासाची किंमत नावानेच मोजली आहे. ज्या गावावरून तालुका ओळखला जातो, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. कचेरी घोडेगावला आहे. पश्चिमेकडच्या महादेव कोळी वस्त्यांत हिरडा गोळा करणाऱ्या घरांना भीमाशंकरच्या गर्दीतून फारसे काही मिळत नाही. पर्यटनाचा विचार तिथवर पोहोचला पाहिजे.

त्यासाठी रोपवे आणि काचेच्या पुलांच्या आधी साधी कामे करावीत. एसटी स्थानकापासून तुळजा लेणी आणि सौदागर घुमटापर्यंत नीट पाट्या लावाव्यात. नाणेघाटाला सोयीच्या वेळेची बस सोडावी. गावातल्याच तरुणांना लेण्यांची आणि शिलालेखांची माहिती देणारे वाटाडे म्हणून तयार करावे. फोर्ट कोचीत जुन्या घरांत राहायला लोक आवर्जून पैसे मोजतात. जुन्नरच्या वाड्यांतल्या रिकाम्या खोल्यांनाही असे भाडे मिळू शकते. वाडा दुरुस्त करणाऱ्या मालकाला नगरपालिकेने घरपट्टीत सूट द्यावी आणि जुन्या घरांची यादी लोकांपुढे ठेवावी. हे लवकर व्हायला हवे, कारण एकदा मालक आणि बिल्डर यांची बोलणी सुरू झाली की सागवानी खांब आधी विकले जातात.